रिवॉर्ड पॉइंट्सची मुदत ड्यू डेटइतकी ठळक छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर फुकटात फॅमिली ट्रिप कशी करायची, हा गेल्या रविवारच्या पुरवणीतला लेख आमच्या घरात सगळ्यांनी वाचला आणि धाकट्या जावेने तर वाचल्या वाचल्या मला फोन केला, ताई तुम्ही हे सगळं करता ना मग मला पण शिकवा. शिकवणार आहे मी तिला. पण त्या लेखात बऱ्याच गोष्टी सुटल्यात असं मला वाटतं आणि त्या घर चालवणाऱ्या माणसाला माहीत असायलाच हव्यात म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तर कापा, पण शेवटची मागणी तेवढी छापा.

आधी आमचं काय झालं ते सांगते. सहा वर्षं आम्ही घरातला जवळपास सगळा खर्च एकाच कार्डावर केला, किराणा, लाइट बिल, मुलांची फी, इन्शुरन्सचा हप्ता, सगळं. नवऱ्याचं कार्ड मेन आणि माझं ॲड-ऑन, म्हणजे दोघांचे पॉइंट्स एकाच खात्यात. बिल दर महिन्याला पूर्ण भरलं, एकदाही मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून गप्प बसलो नाही. असे करत करत एक लाख पॉइंट्स झाले. सासूबाई कधी विमानात बसल्या नव्हत्या, त्यांना खिडकीपाशी बसून खाली ढग बघायचे होते, हे त्यांनी एकदाच बोलून दाखवलेलं पण माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि त्या, अशी पाच माणसं. त्या वेळी एका सीटला २०,००० पॉइंट्स लागत होते, पाच सीट म्हणजे बरोब्बर एक लाख. मला आठवतंय, मुलं झोपल्यावर लॅपटॉप उघडून मी तो आकडा दोनदा तपासला होता.

मग आम्ही थांबलो, कारण मोठ्याची परीक्षा होती, नंतर नवऱ्याच्या ऑफिसात सुट्टी मिळेना, असं करत सात-आठ महिने गेले, शेवटी तारीख ठरली आणि मी बँकेकडचे सगळेच्या सगळे पॉइंट्स एअरलाइनच्या खात्यात ट्रान्सफर केले. ट्रान्सफर व्हायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी बुक करायला बसले तर तीच फ्लाइट, तीच सीट, आता २७,००० पॉइंट्सना. पाच जणांचे १,३५,०००. शिवाय पॉइंट्सवर देण्यासारख्या सीट त्या फ्लाइटमध्ये तीनच उरलेल्या. बँकेत फोन केला तर कळलं की एकदा गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत. एअरलाइनला फोन केला तर त्या मुलीने अगदी नीट बोलून सांगितलं की मॅडम, दर बदलण्याचा हक्क कंपनीकडे असतो, नियमावलीत आहे. आणि खरंच आहे, बारीक अक्षरात आहे, मी नंतर वाचलं.

शेवटी ८१,००० पॉइंट्स घालून तीन सीट घेतल्या, दोन पैसे भरून घेतल्या, ते पैसे आम्ही राहण्यासाठी बाजूला ठेवले होते, त्यामुळे ट्रिप पाच दिवसांची तीन दिवसांवर आली. सासूबाईंना खिडकी मिळाली. त्यांचं नाक अख्खा वेळ काचेला चिकटलेलं होतं आणि त्या ढगांकडे बघून हात जोडत होत्या. त्यासाठी मी हे सगळं पुन्हा करेन. पण सहा वर्षं जमवलेल्या गोष्टीची किंमत एका रात्रीत तीन-चतुर्थांशाच्याही खाली आली आणि मला साधा एक मेसेज आला नाही, हे मला अजून सलतं.

आता ही सगळी व्यवस्था मुळात कुणासाठी झाली ते बघा, म्हणजे फॅमिलीचीच फजिती का होते ते लक्षात येतं. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये ॲडव्हान्टेज नावाची, विमानप्रवासावर माइल्स म्हणजे एअरलाइनचे पॉइंट्स देणारी योजना काढली, पाठोपाठ काही दिवसांत युनायटेडने काढली, १९८३ मध्ये मॅरियट हॉटेलवाले आले. हे सगळं होतं कामासाठी सारखं फिरणाऱ्या एकट्या माणसासाठी, त्याने आपल्याच विमानात बसावं आणि आपल्याच हॉटेलात उतरावं म्हणून. क्रेडिट कार्डं नंतर याला जोडली गेली, अमेरिकन एक्सप्रेसने १९९१ मध्ये मेंबरशिप माइल्स सुरू केलं आणि मग विमानात पाय न ठेवता, नुसती खरेदी करून माइल्स मिळायला लागले. म्हणजे आपण घरवाले या खेळात उशिरा आलो. एकट्या माणसाला एक सीट लागते, ती कुठेही मिळते. आपल्याला चार-पाच लागतात, त्याही एकाच फ्लाइटमध्ये, त्याही शाळेच्या सुट्टीत, जेव्हा पॉइंट्सच्या सीट सगळ्यात कमी सोडतात. आणि दर वाढला की एकट्याला एकदाच लागतो, आपल्याला माणशी लागतो. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं, दोन वर्षं पूर्ण झाली की त्यालाही स्वतःची सीट आणि स्वतःचे पॉइंट्स.

पूर्वी निदान कोणत्या ठिकाणाला किती माइल्स लागणार याचा तक्ता छापलेला असायचा. डेल्टा एअरलाइन्सने २०१५ मध्ये तो वेबसाइटवरून काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये काढला, आणि आता बऱ्याच ठिकाणी तिकिटाच्या भावासारखाच पॉइंट्सचा भावही रोज हलतो. मग सामान्य माणसाने टार्गेट तरी काय धरायचं? घरात आपण मुलांच्या शिक्षणासाठी पैसे ठेवतो तेव्हा कुठे किती व्याज मिळेल ते माहीत असतं. पॉइंट्सना व्याज नाही, उलट ते नुसते पडून राहिले तर त्यांची किंमत कमीच होत जाते.

याच्या उलट कंपनीच्या बाजूने बघा. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेडने आपली माइलेजप्लस ही पॉइंट्सचीच योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं, डेल्टानेही तेच केलं. म्हणजे कर्ज देणाऱ्यांना ही योजना तारण म्हणून चालते इतकी ती पक्की आहे, कारण बँका आपल्यासारख्यांना वाटायला हे माइल्स रोख पैसे देऊन विकत घेतात. मग तेच पॉइंट्स माझ्या खात्यात आले की ते माझे नाहीत, कंपनीची मर्जी, कधीही बदलू, हे कसं काय? मला हा प्रश्न खरंच विचारायचाय.

जावेला मी काय सांगितलं ते इथे लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. पहिलं म्हणजे बिल पूर्ण भरता येत नसेल तर पॉइंट्सचा विचारच सोडायचा. महिन्याला ३ टक्के व्याज धरलं तर चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं आणि पॉइंट्समधून सुटतात साधारण एक-दोन टक्के, तेही नीट वापरले तर. एक बिल थकलं की नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदत पण जाते हे खूप जणांना माहीतच नसतं. पॉइंट्स मिळतात म्हणून जास्तीची खरेदी तर अजिबात नको.

दुसरं, आधी सीट बघायची, मग ट्रान्सफर. मी उलटं केलं. पॉइंट्स बँकेत असतात तोपर्यंत चार-पाच ठिकाणी जाऊ शकतात, एकदा एका एअरलाइनला गेले की तिथलेच झाले. आणि सीट बघताना तिकिटाची पूर्ण किंमत धरायची नाही. समजा तिकीट रोखीने १०० ला आहे आणि पॉइंट्सवर घेतलं तरी टॅक्स आणि सरचार्जचे ३० भरावेच लागतात, तर तुमचे पॉइंट्स ७० चं काम करतात, १०० चं नाही. त्या ७० ला पॉइंट्सने भागा, मग खरा भाव कळतो. तोच भाव मिक्सर, टोस्टर, गिफ्ट व्हाउचर यांना लावून बघा, बहुतेक वेळा ते सगळ्यात महाग पडतं, तरी बँकेच्या पहिल्या पानावर तेच दिसतं.

पाचही जणांना पॉइंट्सवरच न्यायचं असा हट्ट धरू नये असं मला आता वाटतं. थोड्या सीट पॉइंट्सवर, थोड्या पैशाने हे जमतं, फक्त दोन बुकिंग वेगळी होतात म्हणजे दोन पीएनआर (बुकिंग नंबर), तर प्रत्येक पीएनआरमध्ये एक तरी मोठं माणूस हवं, आणि एअरलाइनला फोन करून दोन्ही एकमेकांना जोडून घ्यायला सांगायचं. फ्लाइट रद्द झाली आणि मुलं एका विमानात, आईबाप दुसऱ्यात असं नको व्हायला. आम्ही तीन आणि दोन असे होतो, धाकटा माझ्याबरोबर, मोठा बाबा आणि आजीबरोबर, त्यामुळे रात्री नीट झोप लागली.

हॉटेलच्या बाबतीत फॅमिलीला जरा बरं आहे असा माझा अनुभव, कारण पॉइंट्स खोलीला लागतात, डोक्याला नाहीत. मॅरियटमध्ये पॉइंट्सवर सलग पाच रात्री घेतल्या तर त्यातल्या एका रात्रीचे पॉइंट्स लागत नाहीत, चार राहणार असाल तर पाचवी घ्या. हिल्टनमध्ये घरचे आणि मित्र मिळून आणखी दहा जणांबरोबर पॉइंट्स एकत्र करता येतात, युनायटेडने २०२४ पासून पाच जणांपर्यंत माइल्स एकत्र करायची सोय दिली. एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूमध्ये २ ते ११ वर्षांच्या मुलांना पॉइंट्सच्या तिकिटावर २५ टक्के सूट आहे. म्हणजे ठरवलं तर फॅमिलीचा विचार करता येतो, हे करणारे आहेत. मग बाकीच्यांना काय अडचण आहे? आजोबांच्या खात्यात ४,००० पडलेत, आईच्या खात्यात ६,०००, कुणाच्याच कशाला पुरत नाहीत आणि शेवटी सगळे संपून जातात, हे किती घरांत होत असेल.

काही लोक म्हणतील की हे पॉइंट्स फुकटच मिळतात, तक्रार कसली. फुकट नाहीत हो. प्रत्येक स्वाइपला दुकानदार बँकेला टक्का देतो, तो टक्का मालाच्या किमतीत धरतो आणि त्यातूनच हे येतं, म्हणजे रोखीने घेणारा माणूससुद्धा यात पैसे घालतो ज्याला एक पॉइंट मिळत नाही. युरोपियन युनियनने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डावरचा यातला बँकांमधला आकार, म्हणजे दुकानदाराची बँक कार्डाच्या बँकेला देते तो, ०.३ टक्क्यांवर बांधला आणि तिकडे कार्डांचे रिवॉर्ड्स आटले, यावरूनच कळतं की पैसा कुठून येत होता. आपल्याच पैशातून आलेली गोष्ट आहे तर तिचा हिशोब मागणं चूक कसं?

म्हणून बँकांकडे माझी मागणी साधी आहे. कार्डाच्या स्टेटमेंटवर ड्यू डेट कशी मोठ्या अक्षरात, वरच्या बाजूला असते, तशीच पॉइंट्सची मुदत छापा. किती पॉइंट्स, कोणत्या तारखेला संपणार. शेजारी आजच्या दराने त्यांची पैशातली किंमत लिहा. दर बदलणार असेल तर तीन महिने आधी मेसेज करा, जसा लेट फी लावताना न चुकता करता. आणि एकाच घरातल्या माणसांना आपले पॉइंट्स एकमेकांना विनाशुल्क देता येऊ द्या. बँकांवर देखरेख करणाऱ्यांनी हे नियमात घालावं, बँकांच्या चांगुलपणावर सोडू नये. तुमच्या पेपरने हा विषय लावून धरला तर खूप घरांवर उपकार होतील, आणि पुढच्या वेळी असा लेख छापताना सोबत ही दुसरी बाजूही छापा अशी विनंती.

काल जाऊबाई तिचं कार्ड घेऊन आली होती. स्टेटमेंटच्या तिसऱ्या पानावर खाली एकच आकडा होता, ३८,४५०. मुदत कुठेच नाही. ॲपमध्ये शोधत शोधत पाचव्या स्क्रीनवर सापडलं की त्यातले १२,००० याच महिन्याच्या अखेरीला संपतायत. ती तशीच बसून राहिली थोडा वेळ, मग म्हणाली, ताई, कॅलेंडर आणा आधी.

आपली,
एक नियमित वाचक