लार्गो आणि माझी करंगळी

मन्या,

तुझा मेसेज येऊन दोन आठवडे झाले, उत्तर दिलं नाही कारण संध्याकाळी पियानोवर बसतो आणि उठतो तेव्हा जेवण थंड झालेलं असतं. हसू नकोस. शिकायला लागून पाच महिने झालेत आणि सध्या एकाच पानावर अडकलोय, द्वोर्झाक या चेक संगीतकाराची न्यू वर्ल्ड सिम्फनी आहे ना, तिच्यातल्या लार्गोची, म्हणजे संथ भागाची, सोपी आवृत्ती. मूळ प्रकरण म्हणजे अख्खा ऑर्केस्ट्रा, दहा-बारा मिनिटं, पाच फ्लॅट्सची, म्हणजे पाचही काळ्या पट्ट्या लागणारी स्केल. माझ्याकडे सी मेजर, बहुतेक पांढऱ्या पट्ट्याच, डाव्या हाताला नुसते धरून ठेवायचे सूर. निवडलं का तर स्लो आहे म्हणून! तिथेच फसलो.

जरा गुणगुणून बघ: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. भूप रागच की रे! पुढे निषाद येतो आणि भूप तिथेच संपतो, पण पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतच उडालो. १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली. बऱ्याच जणांना वाटतं द्वोर्झाकने कुठलं तरी जुनं गाणं उचललं, पण झालंय उलटंच, त्याच्याच एका विद्यार्थ्याने १९२२ मध्ये या चालीवर शब्द बसवले.

असो, करंगळी. ग तिसऱ्या बोटाने, दोन्ही प करंगळीने, पहिला निसटता, दुसरा लांब. आणि ही बया नेमकी त्या लांब प वर धप्पकन आदळते. मुळात ही चाल कोर आंग्ले वाजवतं, ओबो नावाच्या फुंकवाद्याचा खर्जातला मोठा भाऊ समज, तो फुंकणारा एका श्वासात सूर धरतो, मनात आलं तर मध्येच फुलवतो. पियानोला ते सुख नाही, पट्टी दाबली की सूर विरायलाच लागतो, नंतर तुम्ही कितीही दाबून धरा. मग सूर लांबवणारं पेडल मारून बघितलं तर सगळ्या सुरांचा नुसता चिखल.

शेवटी सर म्हणाले, लांब सूर विरत विरत जेवढा उरलाय तेवढ्याच आवाजात पुढचा वाजव. ऐकायला सोपं वाटतं. परवा लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ४० वर लावून तासभर फक्त पहिली ओळ घोटली, त्यात तीनदा जमलं, तिसऱ्यांदा तर मीच वाजवायचं थांबून ऐकत बसलो आणि पुढचा सूर राहूनच गेला!

रेकॉर्डिंग पाठवतोय. कुरकुर ऐकू येते ती खुर्ची, धप्प ती करंगळी. तू बासरी वाजवायचास ना, मग ऐकून एवढंच सांग, तू फुंकत असतास तर श्वास कुठे घेतला असतास? मी पानावर पेन्सिलने दुसऱ्या रे नंतर खूण केलीये, पण खोडरबर जवळच ठेवलंय.

तुझा,
बंड्या