उजव्या दाढेच्या जागी डावी दाढ धरून माझा क्लेम नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, ट्रॅव्हल इन्शुरन्स विभाग
सोलापूर, 6 ऑक्टोबर 2025

सर/मॅडम,

नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते. मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये एमएससीसाठी इंग्लंडला, लेस्टरला गेले तेव्हा तुमची एक वर्षाची स्टुडंट पॉलिसी घेतली होती. तुमचे एजंट काका घरी आले होते, मम्मीने त्यांना दोनदा विचारलं की दातांचं आहे ना यात, कारण माझे दात लहानपणापासून किडतात, आणि त्यांनी पॉलिसीतलं वाक्यच वाचून दाखवलं की नैसर्गिक दातात अचानक तीव्र वेदना झाल्यास 500 डॉलरपर्यंत खर्च मिळेल. त्या एका वाक्यावर आम्ही दुसऱ्या कंपनीची स्वस्त पॉलिसी सोडून तुमची घेतली. माझे पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, आमच्या घरात प्रीमियमचा फरक हा फरकच असतो.

जायच्या आधी ऑगस्टमध्ये मी सात रस्त्याजवळच्या आमच्या नेहमीच्या डेंटिस्टकडे जाऊन सगळे दात तपासून घेतले होते. पूर्ण तोंडाचा ओपीजी एक्स-रे काढला, एका दाढेत कीड होती ती साफ करून सिमेंट भरलं, आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की 36 नंबरला फिलिंग केलंय, बाकी दातांना सध्या ट्रीटमेंटची गरज नाही. हा 36 नंबर लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

13 जानेवारीला, भोगीच्या दिवशी, मी घरून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात होते. उजव्या बाजूला चावताना एकदम कळ आली ती सरळ कानापर्यंत गेली, वरून गार पाणी प्यायले तर डोळ्यात पाणीच आलं. रात्री आडवं झालं की ठणका वाढायचा, उठून बसलं की थोडा कमी, म्हणून मी भिंतीला टेकून चादर गुंडाळून बसून राहिले. अडीच वाजता मम्मीला फोन लावला, इकडे सकाळचे आठ, घरात नंदीध्वज बघायला जायची गडबड, आणि मी नुसतं एवढंच म्हणाले की मम्मी दाढ लई दुखायली, आणि मला पुढे बोलताच येईना. तिने लवंग धरायला सांगितली, लवंग नव्हतीच रूमवर.

सकाळी मी आधी तिथल्या सरकारी आरोग्य हेल्पलाइनच्या 111 नंबरवर फोन केला. त्यांनी सांगितलं आज जवळपास अर्जंट स्लॉट नाहीये, उद्या परत करा. मग तीन एनएचएस, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, क्लिनिकला स्वतः फोन केले, तिघांनी सांगितलं नवीन मोठे पेशंट घेत नाही. शेवटी प्रायव्हेटला गेले. तपासणी, एक्स-रे, भूल देऊन दाढ उघडली, आतली नस काढून औषध घातलं आणि वरून तात्पुरतं सिमेंट, सगळं मिळून 215 पाउंड, म्हणजे आपले साधारण 22-23 हजार. त्या सिमेंटला लवंगेचा वास येत होता, दिवसभर तोंडात तोच वास, तेव्हा घरची इतकी आठवण आली की काय सांगू. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं की वरून भोक बारीक दिसतंय पण आतून दाढ पोखरलीये, कीड नसेपर्यंत पोचली, आता अँटिबायोटिकने हे बरं होणार नाही, रूट कॅनल पूर्ण करायला पाहिजे किंवा काढायला पाहिजे, आणि हे सिमेंट काही आठवड्यांपुरतंच आहे. रूट कॅनल आणि वरच्या पक्क्या फिलिंगचं कोटेशन 650 पाउंड.

त्याच रात्री मी सगळी बिलं, रिपोर्ट आणि कोटेशन तुमच्या मेलवर टाकलं आणि विचारलं की 500 डॉलरमधले उरलेले पैसे रूट कॅनलला मिळतील का. हो किंवा नाही एवढंच पाहिजे होतं. मिळणार असतील तर बाकीचे पप्पा कारखान्यातून उचल घेऊन पाठवणार होते, नसतील तर आम्ही तेव्हाच दुसरं काहीतरी बघितलं असतं. प्रत्येक वेळी "अंडर प्रोसेस". हेल्पलाइनवर तर मला असं सांगण्यात आलं की अप्रूव्हलच्या आधी ट्रीटमेंट केली तर क्लेम अडकू शकतो. म्हणून मी थांबले. उजव्या बाजूने न चावता, कोमट पाणी पीत, असाइनमेंट करत थांबले. 37 दिवस.

तोपर्यंत सिमेंट एका कोपऱ्यातून निघालं होतं. 19 फेब्रुवारीला झोपेतून उठले तर गाल सुजलेला, तोंड दोन बोटं पण उघडेना, हिरडीतून पू. या वेळी 111 ने दुसऱ्या दिवशीचा एनएचएसचा अर्जंट स्लॉट दिला, तिथे 26.80 पाउंड घेतले आणि दाढ काढून टाकली. मी 24 वर्षांची आहे आणि माझी चावायची मुख्य दाढ गेली. ती वाचणारी दाढ होती, पहिल्या डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलंय.

आणि मग 3 मार्चला तुमचं उत्तर आलं. क्लेम नामंजूर, कारण एक, या दाढेवर पॉलिसीच्या आधी ऑगस्ट 2024 मध्ये उपचार झालेले आहेत म्हणून हा जुना आजार. कारण दोन, इंग्लंडमध्ये हेल्थ सरचार्ज (व्हिसासोबत भरायची आरोग्य फी) भरल्यामुळे सरकारी उपचार मोफत उपलब्ध होते.

पहिलं कारण सरळ सरळ चूक आहे आणि ती दोन मिनिटांत कळेल अशी चूक आहे. आपल्याकडचे डेंटिस्ट एफडीआय पद्धतीने नंबर लिहितात, त्यात पहिला आकडा म्हणजे तोंडाचा कोणता भाग, 3 म्हणजे खालचा डावा आणि 4 म्हणजे खालचा उजवा, आणि दुसरा आकडा म्हणजे मधल्या दातापासून मोजत कितवा. म्हणजे 36 ही माझी खालची डावी दाढ. इंग्लंडमध्ये पामर पद्धत चालते, तिथल्या रिपोर्टमध्ये एलआर 6 लिहिलंय, म्हणजे लोअर राइट सहावा, म्हणजे आपल्या पद्धतीने 46. फिलिंग झालं डाव्या दाढेत, गेली उजवी. तुमच्या माणसाने दोन्ही कागदावर 6 बघितला आणि एकच दाढ धरली. ज्या 36 चं सोलापुरात फिलिंग झालं ती आजही माझ्या तोंडात आहे, त्रास नाही, कुणीही येऊन बघा.

कीड हळूहळू लागते हे मला पण माहितीये. जंतू साखरेपासून आम्ल करतात, त्याने वरचं इनॅमल विरघळतं, मग आतला मऊ थर, मग नस, हे काही एका रात्रीत होत नाही. 46 मध्ये ते कधी सुरू झालं याची तारीख कुणालाच घालता येणार नाही, आणि मी पण असं म्हणत नाही की ते भोगीलाच सुरू झालं. पण तुमच्या पॉलिसीत "अचानक कीड" असं लिहिलेलं नाही, "अचानक तीव्र वेदना" असं लिहिलंय, आणि त्या दाढेला ऑगस्टमध्ये ना निदान होतं ना उपचार ना दुखणं. मला ठाऊकच नसलेला आजार मी लपवला असं कसं म्हणता तुम्ही? हळूहळू लागलेली कीड म्हणून सगळेच क्लेम नाकारायचे असतील तर दातदुखीचं ते कलम विकता कशाला?

दुसऱ्या कारणाबद्दल. विद्यार्थ्यांचा सरचार्ज वर्षाला 776 पाउंड, तो मी भरला, पण इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांना दाताचे उपचार एनएचएसमध्येसुद्धा फुकट नसतात. अठरा वर्षांखालची मुलं, गरोदर बायका असे काही सोडून बाकीच्यांना बँडप्रमाणे, म्हणजे उपचारांच्या गटाप्रमाणे, पैसे द्यावे लागतात, तेव्हा बँड 1 आणि अर्जंटला 26.80, फिलिंग आणि रूट कॅनल येतं त्या बँड 2 ला 73.50 आणि कॅप वगैरेच्या बँड 3 ला 319.10 पाउंड असा दर होता. 73.50 मध्ये रूट कॅनल झालं असतं तर मी नाचत गेले असते, पण नवीन पेशंट घेणारं क्लिनिक तर मिळायला पाहिजे. तीन क्लिनिकचे आणि 111 चे कॉल लॉग मी मार्चमध्येच पाठवलेत.

मार्चमध्ये मी हेच सगळं मेलवर लिहिलं होतं, दोन वेळा. दोन्ही वेळा कुणीही काही न बोलता तक्रारीचं तिकीट बंद झालं. परवा होटगी रोडच्या तुमच्या ऑफिसला पप्पांबरोबर जाऊन आले, तिथल्या मॅडम बिचाऱ्या चांगल्या बोलल्या, पण त्यांच्या हातात काही नाही म्हणाल्या, म्हणून हे पत्र.

मला 215 पाउंड आणि 26.80 पाउंड हे दोन्ही खर्च पॉलिसीप्रमाणे पाहिजेत. माझ्या रेकॉर्डवरचं "जुना आजार" हे काढून टाका, कारण उद्या दुसरी पॉलिसी घेताना तेच पुढे येणार. आणि दाढ जाईपर्यंतचे 37 दिवस उत्तर का दिलं नाही, अप्रूव्हलशिवाय ट्रीटमेंट करू नका असं कुठल्या नियमाने सांगितलं, हे लेखी द्या. गेलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचं की ब्रिज ते आता आम्ही इथेच बघतोय, त्याचा खर्च मी तुमच्याकडे मागत नाही, पॉलिसी संपलीये हे मला समजतं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार आहे, तिथे फी लागत नाही आणि नाकारल्यापासून एक वर्षाची मुदत आहे, म्हणजे माझ्याकडे अजून वेळ आहे.

सोबत ऑगस्ट 2024 चा ओपीजी आणि फिलिंगचा कागद, लेस्टरचे दोन्ही रिपोर्ट आणि बिलं, आणि गेल्या आठवड्यात इथे काढलेला नवीन ओपीजी जोडलाय. बघताना एवढं लक्षात घ्या की एक्स-रेच्या फोटोत तुमच्या डाव्या हाताला दिसते ती माझी उजवी बाजू आहे, रिकामी जागा तिकडे आहे, आणि फिलिंग पलीकडच्या दाढेत पांढरं चमकताना दिसेल. दोन्ही जागांवर मी लाल पेनाने गोल केलाय.

आपली पॉलिसीधारक,
जुळे सोलापूर