निवडुंगाच्या कलमाविषयी मित्रास पत्र

लातूर,
२० ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि फोटो मिळाले. तुझा निवडुंग, म्हणजे ते अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास, बुडाशी तपकिरी होऊन मऊ पडले आहे, म्हणजे सड मुळापासून वर चढते आहे; आता ते मातीत राखण्याचा खटाटोप करू नकोस. आजच उपटून सडका भाग कापून टाक. वरचा भाग अजून कडक असेल, तर कलम करून तो वाचवता येईल.

जालन्याकडे मोसंबीला जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळे असलेल्या रोपावर, डोळा भरताना तू लहानपणापासून पाहिले आहेस. तत्त्व तेच आहे, फक्त येथे साल उचलायची नसते. निवडुंग आडवा कापला की गराच्या मध्यभागी एक फिकट कडे दिसते. पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्या त्या कड्यात असतात. खुंटाचे कडे आणि वरच्या तुकड्याचे कडे निदान एका ठिकाणी तरी एकमेकांना छेदून गेले पाहिजे. माझी पहिली दोन कलमे नेमकी येथेच फसली. लहान कडे मी मोठ्या कड्याच्या बरोबर मधोमध ठेवले. दिसायला अगदी नीटनेटके, पण स्पर्श कोठेच नाही. दहा दिवसांनी रबर सोडले, तर तुकडा डब्याच्या झाकणासारखा हातात आला. तेव्हापासून मी तुकडा मुद्दाम किंचित बाजूला सरकवून बसवतो.

खुंटासाठी ड्रॅगन फ्रूटची तीनधारी फांदी मला पुरते. हल्ली आपल्या भागात त्याचे मळे झाले आहेत आणि छाटणीच्या फांद्या बांधावर पडून असतात. मागितल्या तर कोणी नाही म्हणत नाही. खुंट कापल्यावर तिन्ही धारांच्या कडा तिरप्या छाटाव्यात, कारण गर सुकताना आत ओढला जातो, जाड साल मात्र तशीच उभी राहते आणि वरच्या तुकड्याला उचलून धरते. तुकडा तयार होईपर्यंत खुंटाचा छेद उघडा राहू नये, म्हणून त्याचीच एक पातळ चकती कापून त्यावर तशीच ठेवावी. सडलेल्या रोपाचे काप घेताना प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसावे आणि कड्यात तपकिरी ठिपका एकही उरत नाही तोपर्यंत थांबू नये. मग तुकडा हलकेच फिरवून, दाबून, मधली हवा काढावी आणि कुंडीच्या बुडाखालून दोन रबर फुलीसारखे ताणून बसवावेत. आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे. सांध्यावर पाणी पडू देऊ नये. मे महिन्याच्या उन्हात हा उद्योग करू नये. सध्याचे दिवस वाढीचे आहेत, पण झड लागलेली असताना नको. दोन दिवस उघडीप पाहूनच सुरी हाती घ्यावी.

खरे सांगायचे तर कलमी अ‍ॅस्ट्रोफायटमचे रूप मला फारसे आवडत नाही. हे झाड मुळात चपटे, बिनकाट्याचे, भाकरीचे आठ भाग पाडावेत तसे. खुंटावर ते भराभर वाढते, पण फुगून उंच होते. लाल चेंडूसारख्या जिम्नोकॅलिशियमची गोष्ट वेगळी, त्याच्यात हरितद्रव्यच नसल्यामुळे खुंटावाचून ते जगणार नाही. तुझ्या रोपाने पुढेमागे पिल्ले दिलीच, तर ती मात्र स्वतःच्या मुळांवर वाढव. त्यांना काळी माती मुळीच देऊ नकोस. मुरूम, जाड वाळू, विटांचा चुरा आणि मूठभर कुजलेले शेणखत एवढे पुरे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, तेव्हा माझे सगळे गुलाब वाळले आणि मुरमातली ही मंडळी तेवढी गच्चीवर निश्चिंत बसून होती.

आणि एक. पुढचे रोप घेशील ते बियांपासून वाढवलेलेच घे. ही जात टेक्सासच्या दक्षिण टोकाला आणि ईशान्य मेक्सिकोतच निसर्गतः उगवते, आणि दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे रानातून उपटलेल्या रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. ‘रानातले जुने खोड’ म्हणून कोणी दाम सांगू लागला, तर तेथून निघून ये.

मुळे धरलेले दोन खुंट तुझ्यासाठी बाजूला ठेवले आहेत. येताना रोप प्लास्टिकच्या पिशवीत घालू नकोस, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून आण, आणि तोवर त्याला पाण्याचा थेंबही दाखवू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र