मंत्रीमहोदय, एकदा ओट्यावर गप्प बसून पाहा

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण कुशल असालच. मी घाटंजी तालुक्यातला दोन एकरवाला शेतकरी. सोंगून ठेवलेल्या सोयाबीनवर दोन रात्री पाऊस झाला आणि शेंगांतच कोंब फुटले. नुकसान ७२ तासांत तुमच्या खात्याच्या ॲपवर कळवायचं, असा नियम. कळवायला बसलो.

पहिले दोन दिवस ओटीपीत गेले. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो आणि आमच्याकडे रेंज येते ती फक्त गावातल्या पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. मधे दीड किलोमीटर चिखल. टाकीवर जाऊन ओटीपी घ्यायचा, शेतात पोचेपर्यंत तो मेलेला. शेवटी पुतण्या टाकीवर, मी बांधावर आणि मधे तीन पोरं, हाकेवर हाक देत सहा आकडे शेतापर्यंत आणले. तिसऱ्या दिवशी क्षेत्राचा रकाना. दोन लिहिले, लाल अक्षरांत 'अवैध नोंद'. सातबाऱ्यावर ०.८१ हे.आर. आहे, ते टाकलं. पुन्हा 'अवैध नोंद'. अकरा वेळा! तेव्हा पुतणी म्हणाली, "काका, आकडे इंग्रजीत टाका." ॲप मराठी, राज्य मराठी, सातबारा मराठी आणि आकडा मराठी चालत नाही. तोवर ७३ वा तास लागला होता. 'मुदत संपली' हा निरोप मात्र ताबडतोब आला. अख्ख्या ॲपमध्ये तेवढंच एक वाक्य स्वच्छ समजतं.

गेल्या वर्षी मेळाव्यात आपण माईकवर म्हणाला होता, पुढच्या हंगामाआधी ॲप सोपं करतो. बदल झाला, नाही कसं म्हणू? रंग हिरवा झाला आणि आपला फोटो मोठा झाला.

पुतणी अमरावतीला कॉम्प्युटर शिकते. तिच्याकडून कळलं की ॲप माणसाला वापरता येतं की नाही हे तपासायचं एक शास्त्रच आहे. वापरणाऱ्याला काम द्यायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि आपण शेजारी गप्प बसून लिहून घ्यायचं. आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी ही पद्धत १९८२ साली मांडली. म्हणजे माझं लग्न व्हायच्या आधी. याच शास्त्रातले जेकब निल्सन म्हणतात, पाच माणसं बसवली तरी ८५ टक्के अडचणी सापडतात. त्यावर जाणकारांचे वाद आहेत म्हणे. असू द्या, तुम्ही एक तरी बसवला का?

आम्ही पाच बसवले, माझ्या ओट्यावर. सर्वांत कठीण काम गप्प बसण्याचं. शेजारच्या वहिनींनी नाव लिहिलं आणि 'पुढे'चं बटण शोधत बसल्या. ते कीबोर्डखाली दबलेलं होतं. "आता काय दाबू वो बाप्पा?" असं त्या चारदा म्हणाल्या. मला हात पुढे करावासा वाटला, पुतणीने डोळे वटारले. कापूस वेचून चिरलेला त्यांचा अंगठा काचेवर उमटेना. मग त्यांनी फोन हळूच खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माह्यीच चूक झाली असंन." साहेब, माझं सोयाबीन गेलं त्याच्यापेक्षा हे जास्त लागलं.

नंतर दहा प्रश्नांची पट्टी भरून घेतली. जॉन ब्रुक नावाच्या गृहस्थाने १९८६ साली केलेली, वापरायला किती सोपं याचे शंभरपैकी गुण देणारी. सरासरी ६८ धरतात. तुमच्या ॲपला २१ पडले. हिशेब माझाच, चूकभूल देणे-घेणे. गावातून चाळीसेक जण अर्जाला बसले, पार पोचले सहा की सात. नक्की मोजले नाहीत, पण पन्नास टक्के असते तर पारावर एवढी शांतता नसती.

आम्ही बाजारात बैल घेतो तर दात पाहतो, चालवून पाहतो, जमलं तर जुंपूनही पाहतो. तुम्ही कोट्यवधीचं ॲप घेता ते थंड खोलीतल्या पडद्यावर पाहून. निविदेत सर्व्हर किती, मुदत किती, दंड किती, सगळं असेल. वहिनींचा अंगठा कोणत्या कलमात आहे? सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची केंद्राची नियमावली २००९ पासून आहे. कागद तयार असतोच आपल्याकडे. आधी तलाठ्याच्या दारात उभं राहायचो, तेव्हा निदान विनवणी करता यायची. आता लाल अक्षरांना काय हात जोडायचे? आणि वर अहवालात येणार, 'शेतकऱ्यांचा प्रतिसाद अत्यल्प.' प्रतिसाद नाही म्हणे! आमच्या घरात या तीन दिवसांत चूल दोनदाच पेटली. बायको म्हणाली, "सोयाबीनले कोंबं फुटले अन् तुमी मोबाईलच कुरवाळत बसले." तिला काय उत्तर देऊ?

मागणं लहान आहे. मराठी आकडे चालू द्या. एकर लिहिला तर हेक्टर मशीनने करावा. फोटो बिनरेंजचा काढून ठेवता यावा, रेंज आली की जावा. 'अवैध' म्हणण्याऐवजी काय चुकलं ते सांगा. आणि पुढचं ॲप काढायच्या आधी खात्याचा सचिव आणि ठेकेदार, दोघांना आमच्या ओट्यावर पाठवा. चहा मिळेल. बोलायची परवानगी नाही.

आपला,
एक अपूर्ण अर्जदार

ता.क. हे पत्र आधी आपल्याच ॲपच्या तक्रारपेटीत टाकणार होतो. तिथे पाचशे अक्षरांची मर्यादा आहे आणि ईमेल सक्तीचा आहे. पुतण्याचा ईमेल टाकला. 'अवैध नोंद.'