आधी प्रकाश, मग मलम

नाशिक

प्रिय दिलीप,

फोनवर वहिनींचा रडवेला आवाज ऐकला आणि राहवेना, म्हणून सविस्तर लिहितोय. चिऊच्या कपाळावरच्या कोडासाठी डॉक्टरांनी टॅक्रोलिमसचं मलम आणि नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे मशीनमधून अतिनील किरणांचा शेक, दोन्ही सांगितलंय, हे उत्तमच. माझ्या मानेवर तेच चालू आहे. कोडात आपलीच प्रतिकारशक्ती रंगपेशींवर उठते. मलम तिला जागच्या जागी शांत करतं आणि प्रकाशामुळे उरलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात.

फक्त क्रम सांभाळा. मशीनसमोर उभं राहताना त्वचा स्वच्छ, कोरडी हवी, मलमाचा थर असला की किरण अडतात. मी ते रात्री झोपताना लावतो. माझ्याबरोबर रांगेत सोरायसिसचे एक काका असतात. त्यांचं कॅल्सिपोट्रिऑल नावाचं मलम यूव्हीने, म्हणजे अतिनील किरणांनी, निकामी होतं, म्हणून ते प्रकाशानंतरच लावायचं. काही मलमांतलं सॅलिसिलिक ॲसिड तर किरण स्वतःच शोषून घेतं. तेव्हा चिऊला जी काही ट्यूब देत असाल, ती डॉक्टरांना दाखवा, अगदी साधी क्रीमसुद्धा.

हे किरण 311 नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. डोळ्यांवर गॉगल लागतोच. सुरुवातीला वेळ अगदी थोडा, मग हळूहळू वाढवतात. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. त्वचा किंचित गुलाबी होऊन दुसऱ्या दिवसापर्यंत निवळली तर ठीक. लाली टिकली, आग झाली, तर पुढच्या वेळी आत जाण्याआधीच सांगायचं.

आता आत्या चिऊला लावायला सांगतात ते बावचीचं तेल. त्यांचा जीव आहे पोरीवर, कळतं रे, पण हात जोडून सांगतो, लावू नका. बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं, त्याने त्वचा प्रकाशाला फार हळवी होते. तेल लावून पोर उन्हात खेळली तर टरारून फोड येतील, आणि वर मशीनचे किरण! पुवा नावाच्या दुसऱ्या प्रकाशोपचारात सोरालेन वापरतात, पण ते डॉक्टरांच्या हाताखाली, मोजूनमापून.

फरक दिसायला काही महिने लागतात. माझ्या डागात केसांच्या मुळाशी मोहरीएवढे तपकिरी ठिपके उमटलेत, रंग तिथूनच पसरतो. चेहरा आणि मान लवकर दाद देतात, बोटांची टोकं हट्टी. चिऊचं तर कपाळच आहे! वहिनींना हे आवर्जून सांग. आणि कोड स्पर्शाने पसरत नाही, हे शाळेतल्या बाईंना तू स्वतः जाऊन सांग. पोरीला वेगळं बसवलेलं मला खपणार नाही.

सिन्नरहून दर वेळी एसटीने दमू नका. उशीर झाला तर मुक्काम आमच्याकडेच. पहिली तारीख मिळाली की कळव, मी स्टँडवर येतो.

तुझा,
अविनाश