पणजीतल्या त्या दादांना, ज्यांनी वाईनचा पहिला घोट माझ्या बाबांना दिला

दादा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बिल देऊन बाहेर आलो, गाडीत बसलो, मांडवीचा पूल ओलांडला तेव्हा आई म्हणाली, अगं त्या मुलाचं नाव काय गं? आणि आम्ही चौघं गप्प. म्हणून हे असं उघड्यावर लिहितेय. तुमच्यापर्यंत पोचलं तर ठीक, नाही पोचलं तरी मला लिहायचंच आहे, कारण पंधरा दिवस झाले तरी ती संध्याकाळ डोक्यातून जात नाहीये.

आम्ही दिंडोरी तालुक्यातले, नाशिक जिल्हा. बाबा द्राक्षवाले. २००१ ला सरकारचं वाईनसाठी धोरण आलं आणि मग आमच्याकडे जिकडेतिकडे वायनऱ्या उभ्या राहायला लागल्या, तेव्हा बाबांनीही खायची थॉमसन द्राक्षं काढून दोन एकर वाईनची शिराझ लावली. काळी द्राक्षं, बारीक मणी, खायला काही खास नाही, पण बाबांचा त्या बागेवर फार जीव. खरड छाटणी, गोडी छाटणी, भुरी-डाऊनीच्या फवारण्या, सगळं स्वतः उभं राहून. मग २००८-०९ ची मंदी आली आणि माल उचलणारे फोन घेईनासे झाले, एकाने तर घेतलेल्या मालाचे पैसे आजतागायत पूर्ण दिले नाहीत (नाव नाही लिहीत, बाबांना आवडणार नाही). दीड एकर उपटली. अर्धा एकर तशीच ठेवली, का ठेवली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने त्या अर्ध्या एकराचीही वाट लावली आणि मागच्या वर्षी तीही काढली. एवढ्या वर्षांत आपल्या द्राक्षांची वाईन कशी लागते ते बाबांनी एकदाही चाखलं नव्हतं. माल काट्यावर जायचा, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचे, पावती मिळायची, संपलं.

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून गोव्याला आणलं. तुमच्याकडे यायच्या आदल्या रात्री आम्ही समुद्रालगतच्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. तिथे बाबा स्वतःहून म्हणाले, आपल्याकडची लाल वाईन आहे का विचार गं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलं. तर तिथल्या माणसाने बाबांकडे बघितलंसुद्धा नाही, पांढरा लेंगा-शर्ट बघितला असेल आणि टोपी. माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, फिशबरोबर रेड चालत नाही मॅम, आणि इंडियन रेड तर मी कुणालाच सजेस्ट करत नाही, अंकलना हवी तर गोड पोर्ट वाईन आहे. बाजूच्या पोराकडे बघून हसला पण. बाबांना सगळं कळलं. म्हणाले, जाऊ दे, पाणी मागव. जेवले नीट, पण नंतर हॉटेलच्या बाल्कनीत बराच वेळ नुसते बसून होते.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो ते खरं तर फक्त बांगड्यासाठी. मी वाईनचा विषय काढणारच नव्हते. तुम्हीच काढलात. कार्ड माझ्या हातात न देता टेबलाच्या मधोमध ठेवलंत आणि मराठीत वाचून दाखवलंत, आणि लाल वाईनपाशी आलात तेव्हा नाशिकच्या आधी वाचल्यात, चिली-ऑस्ट्रेलियाच्या नंतर. आई पटकन बोलून गेली, आमची पण होती हो शिराझची बाग. तुम्ही थांबलात. पेन खिशात ठेवलंत. म्हणालात, काका, मग आज तीच घ्या.

मी घाबरत विचारलं, माशाबरोबर चालेल ना? त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मला अजून पाठ आहे. तिसऱ्यांच्या शिंपल्या किंवा कालवांबरोबर नका घेऊ, तोंडात लोखंड चाटल्यासारखं होतं, पण बांगडा तेलकट, त्यात रेशाद मसाल्याची मिरची, लसूण, व्हिनेगर, तव्यावर करपलेली कड, त्याच्यापुढे हलकी पांढरी वाईन पाण्यासारखी लागेल. पोर्तुगालात खारवलेल्या कॉड माशाबरोबर सर्रास रेड पितात हेही तुम्हीच सांगितलंत. घरी आल्यावर मी वाचलं तर लोखंडाचं खरंच निघालं. जपानी संशोधकांनी २००९ साली वाईन आणि स्कॅलॉप नावाचे शिंपले घेऊन हेच तपासलं होतं, ज्या वाईनमध्ये लोह जास्त तिच्यानेच तो उग्र माशाळ वास उठतो, नुसत्या लाल रंगाचा दोष नाही. म्हणजे आदल्या रात्रीचा माणूस नियम पाठ करून बसला होता आणि तुम्हाला मासा आणि वाईन दोन्ही माहीत होते.

मग तुम्ही बाटली आणलीत, पणजीच्या त्या उकाड्यात ती गरम लागेल म्हणून थोडा वेळ बर्फात ठेवलीत, आणि मग पुसून, लेबल बाबांकडे करून, दोन्ही हातांत धरून उभे राहिलात. बाबांनी चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं जुळवत त्यांनी 'दिंडोरी' वाचलं. दोनदा वाचलं.

आणि मग तुम्ही पहिला घोट बाबांच्या ग्लासात ओतलात.

मला माहितीये की हा रिवाज आहे, जो मागवतो त्याला आधी थोडी चाखायला देतात. पण मागवली मी होती, पैसे माझा भाऊ देणार होता, आणि आजवर जिथे जिथे गेलो तिथे हा मान भावाला मिळाला, त्याच्या घड्याळाला मिळाला म्हणा. तुम्ही कुणाला काही न विचारता टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या ग्लासात ओतलीत, एक हात मागे बांधलात आणि म्हणालात, काका, तुम्ही सांगा, बरी आहे का? आणि थांबलात. मागे दोन टेबलं तुम्हाला हाका मारत होती तरी थांबलात. ग्लास कसा धरायचा ते शिकवलं नाहीत, घाई केली नाहीत. बाबांनी वास घेतला, घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला. म्हणाले, तोडणीच्या आधी बी चावून बघायचो ना, तश्शी लागतीय. तुरट.

तुम्ही म्हणालात, त्यालाच आम्ही टॅनिन म्हणतो काका. बाबा म्हणाले, मग तुरट म्हणा की. आणि दादा, पाच मिनिटांनी तुम्ही शेजारच्या टेबलावर एका जोडप्याला समजावताना "जरा तुरट असते" म्हणालात ते बाबांनी ऐकलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांनी दीड ग्लास घेतली फक्त, पण बांगडे दोन खाल्ले, आणि जन्मात पहिल्यांदा आम्हाला सांगितलं की ती अर्धा एकर का ठेवली होती. ते इथे नाही लिहीत, ते आमच्या घरातलं आहे. पण ते तुमच्या टेबलावर बाहेर आलं.

माणसाला मान द्यायला काय लागतं हो? त्या मोठ्या हॉटेलात मेणबत्त्या होत्या, कापडी रुमाल होते, तुमच्या दुप्पट दराचे मासे होते. तुमच्याकडे डुगडुगणारं टेबल, वरती पंखा. तरी बाबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमच्याबद्दल सांगतात, वाईनबद्दल कमी आणि तुम्ही कसे उभे राहिलात त्याबद्दल जास्त. शेतकऱ्याचं माल घेताना कौतुक करणारे खूप भेटलेत, पुढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत. ताटाला बसल्यावर त्याला विचारणारे तुम्ही पहिले.

रिकामी बाटली तुम्ही न मागता पेपरात गुंडाळून दिलीत. ती आता ओसरीच्या फळीवर छाटणीच्या कात्रीशेजारी आहे, आई रोज पुसते.

फेब्रुवारीत परत यायचं म्हणतोय. तेच पंख्याखालचं टेबल द्या. बाबांनी विचारायला सांगितलंय, तुमच्या घरी किती माणसं आहेत, सोनाका द्राक्षांची एक पेटी पुरेल का दोन आणू?