पॅटरसनांच्या शेतावरून

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
१७ नोव्हेंबर

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही राहतो त्या भागाला आर्डनवुड का म्हणतात, असे आपण मागे फोनवर विचारले होते. तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आमची ही सारी वसाहत एकेकाळी पॅटरसन नावाच्या एका शेतकरी घराण्याच्या मालकीच्या असलेल्या जमिनीवर उभी आहे आणि त्या जमिनीपैकी सुमारे २०५ एकर तुकडा घरासह, झाडांसह जुने शेत म्हणूनच राखलेला आहे. नाव मात्र शेक्सपियरच्या एका नाटकातील अरण्यावरून घेतलेले आहे, ही हौस मला मोठी गमतीची वाटली.

जॉर्ज पॅटरसन १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात इकडे आला. खाणीत नशीब काढता न आल्याने तो शेतीकडे वळला आणि १८५७ मध्ये त्याने येथे घर बांधले. पुढे जमीन वाढत गेली, १८७७ मध्ये त्याने क्लारा हॉलीशी लग्न केले आणि १८८९ मध्ये जुन्या साध्या घराला लागूनच नक्षीदार, ऐसपैस नवा भाग जोडला. आपल्या आजोबांनी माजघर तसेच ठेवून पुढे सोपा वाढवला, त्याचीच मला आठवण झाली. या जमिनीवर पॅटरसनांच्याही आधी ओलोनी नावाचे येथले मूळ रहिवासी राहत होते, हेही सांगितले पाहिजे.

घराण्याच्या पुढच्या पिढ्यांच्या काळात आजूबाजूला शहर वाढले, बरीचशी जमीन घरांखाली गेली. फ्रीमॉन्ट नगरपालिकेने १९८१ मध्ये हा भाग विकत घेतला आणि १९८५ पासून तो लोकांसाठी खुला आहे.

घरातील दिवाणखाना पाहून झाला, पण माझा पाय अडकला तो लोहारशाळेत. भाता, ऐरण, लाल झालेले लोखंड आणि त्यावर पडणारा घण हे सारे मी चाळीस वर्षांनी पाहिले, आणि चिरंजीवांनी पहिल्यांदाच. ऑक्टोबरात येथे सुगीचा मेळा भरतो आणि आलेल्या लोकांना शेतात शिरून मक्याची कणसे हाताने खुडू देतात. लहानपणी पोटदुखीचे सोंग करून मी जे काम टाळत असे, त्यासाठी या वेळी तिकीट काढून गेलो, हे आईला अवश्य सांगावे. जवळच्याच न्यूअर्क गावात कार्टर बंधूंच्या कारखान्यात बनलेले जुने लाकडी रेल्वेडबेही येथे सांभाळून ठेवलेले आहेत. आता थंडी सुरू झाली की नीलगिरीच्या उंच झाडांवर मोनार्क फुलपाखरे मुक्कामाला येतात. दुरून पाहिल्यास ती वाळक्या पानांचे घोस वाटतात आणि ऊन पडताच ते घोस उलगडतात. अलीकडे त्यांची संख्या मात्र बरीच घटली आहे.

पडवीतील तिफण भंगारात देण्याचा विचार चालू असल्याचे दादाने सांगितले. मी मे महिन्यात येईपर्यंत ती कृपा करून तशीच ठेवावी. ती कोणत्या सुताराने केली, लाकूड कुठून आणले, शेवटची पेरणी कोणत्या वर्षी झाली, हे आपणांस आठवेल तेवढे एका वहीत लिहून ठेवावे. चाड्यावर मूठ कशी धरायची, ते मी आलो की नातवाला आपणच दाखवावे.

आईस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
विनायक